चुकलेला ठोका आणि पिवळा दिवा

२०२४ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. पुण्यातील काम आटोपून मी साताऱ्याला परत येत होतो. माझी मोटार २०१३ सालची, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. पावसाची पहिली मोठी सर नुकतीच येऊन गेली होती. खंबाटकीचा घाट लागला, दोन वळणे चढून गेलो, आणि माणसाला उचकी लागावी तसे एकाएकी गाडीचे झाले. इंजिन थरथरू लागले. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी ओढ घेईना. समोरच्या तबकड्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा उघडझाप करू लागला. मी घाबरून पाय उचलला. थरथर थांबली, उघडझापही थांबली. पण दिवा विझला नाही, स्थिर पेटून राहिला. घाट संपला, उतार लागला, आणि जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात गाडी घरापर्यंत आली.

विद्यार्थी मित्रांनो, गाडी पार बंद पडली तर एक वेळ परवडते. जो बिघाड मनात येईल तेव्हा येतो आणि मनात येईल तेव्हा जातो, तो मात्र भल्याभल्यांना रडवतो. दवाखान्याची पायरी चढताच रोग्याचे पोट दुखायचे थांबावे, तशी ही गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी वागते. मग दोष शोधायचा तरी कसा? माझ्या गाडीतला दोष सापडायला एक महिना लागला. त्या महिन्यात मला जे शिकायला मिळाले ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम हा 'ठोका' काय असतो ते पाहू. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. तो खाली येताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. वर जाताना हे मिश्रण दाबले जाते. नेमक्या क्षणी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. मिश्रण जळते, तापलेला वायू दट्ट्याला खाली ढकलतो. आणि दट्ट्या पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर हाकलतो. या चार खेपांत इंजिनाला जोर मिळतो तो एकाच खेपेत. सिलिंडर चार असले की त्यांच्या पाळ्या अशा लावलेल्या असतात, की दट्ट्यांच्या खाली असलेल्या वाकड्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, दर अर्ध्या फेऱ्याला कोणी ना कोणी धक्का देत राहावे. बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत हा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो.

घाटात माझे इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेत होते, म्हणजे सेकंदाला ३०. दर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे सेकंदाला ६०. त्यांतले १५ प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे. यांतला एखादा धक्का मिळालाच नाही, की त्याला मिसफायर म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री 'गाडी मिसिंग करते' असे म्हणतात. चौघांनी खांद्यावर घेतलेल्या पालखीतला एक गडी मधूनच खांदा काढून घेऊ लागला तर पालखी कशी हेलकावेल, तसेच हे आहे.

आता हे गाडीला कळते कसे? सिलिंडरच्या आत डोकावून ठिणगी पडली की नाही हे पाहणारा डोळा बहुतेक गाड्यांत नसतोच. गाडीतला संगणक ही गोष्ट तर्काने ओळखतो, आणि ती युक्ती मोठी सुंदर आहे. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरत असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण दाते अठ्ठावन्नच. दोन मुद्दाम गाळलेले, खूण म्हणून. चाकाजवळ बसवलेला संवेदक प्रत्येक दाता समोरून गेल्याची वर्दी देतो. मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या वेगाने एक दाता सरायला सेकंदाचा अठराशेवा भाग लागतो. संगणक हा वेळ मोजत असतो. चारही सिलिंडर नीट धक्के देत असतील तर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याचा काळ जवळजवळ सारखा येतो. एकाने धक्का चुकवला, की तेवढा अर्धा फेरा किंचित रेंगाळतो. चारच्या मागोमाग येणारा अर्धा फेरा रेंगाळला, तर चुकार दोन नंबरचा. झाला पत्ता!

या तर्काला एक फसगतीची जागा आहे. खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसके उलट्या मार्गाने क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतात आणि तेथेही काळ कमीजास्त येतो. म्हणून काही गाड्यांत चाकांच्या वेगाचे संवेदक पाहून 'हा दोष इंजिनाचा नव्हे, रस्त्याचा' असा निवाडा करण्याची सोय ठेवतात. आपल्याकडे ती बरीच कामी येत असणार.

पण एखादा ठोका चुकला तर संगणकाने एवढे मनावर का घ्यावे? याचे मूळ आहे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या हवेत. १९४० नंतरच्या दशकात तेथे डोळ्यांची आग करणारे धुरकट धुके पडू लागले. हॉगन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींतून बाहेर पडणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोनसारखी जहाल द्रव्ये तयार होतात. पुढे मोटारींच्या धुरावर कायदे झाले. धूर स्वच्छ करणारे यंत्र बसवले तरी ते वर्षानुवर्षे नीट चालते की नाही हे कोण पाहणार? तर गाडीनेच पाहावे, अशी कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना अशी पूर्ण स्वयंतपासणी सक्तीची झाली. आपल्या देशात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. तेव्हा हा पिवळा दिवा मुळात चालकाच्या सोयीसाठी लावलेला नाही. तो हवेचा पहारेकरी आहे.

त्याच्या दोन खुणा मात्र प्रत्येकाने ओळखाव्यात. दिवा स्थिर असेल तर दोष नोंदलेला आहे, सवडीने पण नक्की दाखवा. दिवा उघडझाप करत असेल तर आत्ता, या क्षणी नुकसान चालू आहे. सायलेन्सरच्या अलीकडे नळीत एक डबा असतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीची वीट असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात: विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात, उरलेसुरले पेट्रोल जाळतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून साधा नायट्रोजन वेगळा करतात. हे काम साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानाला नीट चालते. ठोका चुकला, की सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही या डब्यात येतात आणि तेथे जळतात. तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. असेच चालू राहिले तर वीट वितळते, छिद्रे बुजतात, इंजिनाचा श्वास कोंडतो. काही शे रुपयांच्या दोषापायी हजारो रुपयांचा डबा जातो. दिवा उघडझाप करू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मी घाबरून का होईना, योग्य तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका गॅरेजात नेली. स्टिअरिंगच्या खाली सोळा टोचण्यांचा एक सॉकेट असतो, त्यात त्यांनी वाचक यंत्र लावले. 'मिसफायर दिसतोय' म्हणाले, चारही प्लग नवे घातले आणि संगणकातली नोंद पुसून टाकली. दिवा विझला. आठ दिवस गाडी छान चालली. नवव्या दिवशी पावसात, चढावर, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने यादी दिली: इंजेक्टर साफ करावे लागतील, पेट्रोलचा पंप बदलून पाहू, नाहीतर मग संगणकच. 'बदलून पाहू' हे शब्द माझ्या खिशाला झोंबले. शिवाय माझे स्वतःचे एक अनुमान तयार होतेच. पहिल्या पावसाबरोबर दोष आला, तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी शिरले असणार! मी ते चारचौघांत ठासून सांगतही होतो.

शेवटी एका स्नेह्याने ज्यांच्याकडे धाडले, त्या मिस्त्रींनी गाडीचे बॉनेट उघडलेच नाही. आधी प्रश्न विचारले.

"सर, कवा होतंय हे? इंजिन गार असताना का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर."

"जागेवर उभी असताना?"

"नाही, तेव्हा अगदी छान चालते."

"चढाला, वरच्या गिअरमध्ये, पाय दाबला की?"

"होय. आणि हवा ओली असली की."

मी पेट्रोलमधल्या पाण्याचा सिद्धांत मांडला. ते हसले आणि वाचक यंत्र लावून पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर 'पी-०३०२' असा कोड होता. या कोडांची भाषा सगळ्या गाड्यांना समान आहे: ०३०० म्हणजे ठोके इकडेतिकडे कोठेही चुकताहेत, ०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा. "पाणी असतं तर चारी सिलिंडर बोंबलले असते. ह्यो एकटा दोन नंबर का रडतोय?" माझा सिद्धांत तेथेच निकालात निघाला. टाकी एक, पंप एक. चौघांना सारखे वाढणारा वाढपी एकालाच उपाशी कसा ठेवील?

पडद्यावर आणखी एक मौल्यवान गोष्ट होती. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाची सारी परिस्थितीही टिपून ठेवतो. माझ्या गाडीची टिपणी अशी: इंजिनाचे फेरे मिनिटाला १८०० च्या आसपास, पाण्याचे तापमान ९२ अंश, वेग ताशी ४५ किलोमीटर, भार ९० टक्क्यांवर. मी तोंडी सांगितलेली हकीकत आकड्यांत लिहिलेली होती. कोड पुसला की ही टिपणीही पुसली जाते. "चोराच्या पावलांचे ठसे सारवून टाकायचे आणि मग पोलिसाला बोलवायचं, असलं काम हाय ते," मिस्त्री म्हणाले.

भार वाढल्यावरच ठोका का चुकावा? येथे दहावीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. बॅटरीचा विद्युतदाब १२ व्होल्ट. त्यातून ठिणगी पडणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे त्यांच्या सुमारे शंभर पट वेढे एकाच गाभ्यावर गुंडाळलेले असतात. जाड वेढ्यांतून प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. तो प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते, आणि मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे, क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका अधिक विद्युतदाब वेढ्यांत निर्माण होतो. जाड वेढ्यांतच काही शे व्होल्ट उठतात, आणि बारीक वेढ्यांत त्याच्या शंभर पट, म्हणजे वीस-तीस हजार व्होल्ट. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास मोटारीत बसवलेली युक्ती तत्त्वतः हीच होती. प्रवाह तोडायला तेव्हा धातूचे पॉइंट होते, आता ट्रान्झिस्टर आहे.

एवढे व्होल्ट खरेच लागतात का? प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते. उघड्या हवेत एवढ्या फटीतून ठिणगी पडायला सुमारे चार हजार व्होल्ट पुरतात. पण १८८९ मध्ये फ्रिडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की लागणारा विद्युतदाब वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण दहा-बारा पट दाबलेले असते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की हवा अधिक भरते, ती अधिक दाटीने दाबली जाते, आणि ठिणगीला उडी मारणे अधिक अवघड होते. त्यात प्लग जुना असेल तर टोके झिजून फट रुंदावलेली असते. गाडी उभी असताना जे काम आठ-दहा हजार व्होल्टांत भागत होते, त्याला घाटात दुप्पट लागू शकतात.

आणि वीज काही आज्ञाधारक नव्हे; तिला जी वाट सोपी पडेल तिकडून ती जाते. कॉइलपासून प्लगपर्यंतचा मार्ग रबराच्या एका लांब नळीतून, मिस्त्रींच्या भाषेत 'बुटा'तून, जातो. हे रबर विद्युतरोधक असते. पण वर्षानुवर्षे इंजिनाची धग खाऊन त्याला कोठे केसासारखी चीर पडली, तर भार कमी असताना वीज प्लगच्या फटीतून मुकाट्याने जाईल, आणि भार वाढला की चिरेतून इंजिनाच्या धातूकडे निसटेल. हवा ओली असेल तर आणखीच लवकर.

तेथे काम करणारा एक मुलगा म्हणाला, प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघू या की! ही जुनी रस्त्यावरची पद्धत. मिस्त्रींनी त्याला रोखले, आणि ते दोन कारणांसाठी योग्य होते. एक तर इतक्या विद्युतदाबाशी खेळणे धोक्याचे आहे. तुम्हीही कधी करू नका. दुसरे, त्या परीक्षेतून काही सिद्धच होत नाही. उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरच्या आतल्या दाटीत पडेलच असे नाही, हे पाशेनचा नियम सांगतो.

मग त्यांनी जे केले त्याला एक पैसाही खर्च आला नाही. दोन नंबरची कॉइल बुटासकट काढून तीन नंबरवर बसवली, तीनची दोनवर. आणि खडूने दोहोंवर खुणा केल्या. दोन नंबरचा नवा प्लगही काढून पाहिला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळसर डाग धरू लागला होता, तो पुसून परत बसवला. "आता दोष दोनातच ऱ्हायला तर कॉइल निर्दोष. तो तिनात गेला तर चोर कॉइलसंगट गेला. आणि सर, दोन बदल एकदम करायचे न्हाईत. गुण कशानं आला ते कळत न्हाई."

त्याच दुपारी आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. चौथा गिअर, वेग ताशी ४५. काही झाले नाही! मला वाटले, दोष गेला. मिस्त्री म्हणाले, आज ऊन आहे, आजची परीक्षा धरायची नाही. मला क्षणभर लाज वाटली. वर्गात मी मुलांना सांगत असतो, की प्रयोगाच्या अटी सारख्या ठेवल्या नाहीत तर निष्कर्ष काढू नये. आणि येथे माझी मोटार एकदा नीट चालली एवढ्यावर मी आनंदाने घरी निघालो होतो.

तीन दिवसांनी पाऊस आला. तोच घाट, तोच गिअर, तोच वेग. दुसऱ्या वळणावर उचकी लागली, दिवा लुकलुकला, मी पाय उचलला. वाचक यंत्रात जुन्या कोडाखाली एक नवी, अजून कच्ची नोंद होती: पी-०३०३. चोर कॉइलबरोबर गेला होता.

मला वाटले, झाले, नवी कॉइल आणावी. पण मिस्त्रींच्या मते तपास अर्धाच झाला होता. कॉइल आणि तिचा बूट या दोन वेगळ्या वस्तू. बूट सुटा मिळतो आणि कॉइलच्या मानाने अगदी स्वस्त. त्यांनी तीन आणि चार नंबरच्या कॉइली जागेवरच ठेवून फक्त बुटांची अदलाबदल केली. पुन्हा पावसाची वाट, पुन्हा यवतेश्वर. या वेळी कोड आला पी-०३०४. कॉइल सुटली, बूट सापडला.

तो बूट त्यांनी उभा चिरून माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला, वरून खाली, पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. वीज एकदा निसटली की रबर तेवढ्या रेघेत जळते. जळून कार्बन उरतो. आणि कार्बन विजेचा वाहक आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणजे प्रत्येक चुकलेला ठोका पुढच्या ठोक्यासाठी वाट अधिक सोपी करून ठेवत होता. पहिल्या गॅरेजात घातलेल्या नव्या प्लगांनी आठ दिवस आराम का पडला, याचा उलगडाही आता झाला. नव्या प्लगची फट अरुंद, तिला कमी व्होल्ट पुरतात. म्हणून विजेला प्लगची वाट काही दिवस चिरेपेक्षा सोपी वाटली. नंतरच्या पावसात ओल आली आणि पारडे पुन्हा फिरले. प्लग बदलणारे अगदीच चुकले नव्हते. फक्त त्यांनी औषध दिले, रोग पाहिला नाही.

सगळेच मिसफायर ठिणगीचे नसतात, हेही सांगायला हवे. गाडी उभी असताना थरथरत असेल आणि वेग घेतल्यावर बरी चालत असेल, तर हवा आत घेणाऱ्या नळीला कोठे भोक पडून चोरटी हवा शिरत असण्याचा संभव अधिक. एकच सिलिंडर सदासर्वकाळ चुकत असेल आणि कॉइल, प्लग, इंजेक्टर यांची अदलाबदल करूनही दोष तेथून हलत नसेल, तर झडपा नीट मिटत नसतील. तेव्हा सिलिंडरमधला दाब मोजून पाहावा लागतो. गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे बरेच आढळते. संगणक फक्त कोण चुकला ते सांगतो. का चुकला ते त्याला माहीत नसते.

नवा बूट बसवला, पण मिस्त्रींनी कोड पुसले नाहीत. या गाड्यांत, ज्या परिस्थितीत दोष आला होता तशाच परिस्थितीत लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या, की संगणक सामान्यतः आपण होऊन दिवा विझवतो. "त्यालाच ठरवू द्या," ते म्हणाले. मी लागोपाठ तीन दिवस भर पावसात यवतेश्वरला जाऊन आलो. घरच्यांना वाटले, मला कासच्या पठाराचे वेड लागले आहे. चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. सुरुवातीला सगळे दिवे क्षणभर लागतात, तसा तोही लागला. इंजिन सुरू झाले आणि बाकीच्यांबरोबर विझला.

चिरलेला बूट आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, प्रवर्तनाच्या वेटोळ्यांच्या खणात ठेवला आहे.